रोगांना नावं ठेवणारा रंगनाथ

रंगनाथ कंपाउंडरची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मेलेलो होतो. निदान माझी तरी तशी खात्री होती.

सोनपेठेत मी नुकतंच झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोबाईलवर 'हृदय बंद पडण्याची सात लक्षणे' नावाचा व्हिडिओ लावला. पहिली तीन लक्षणं सांगून होईपर्यंत मला पाच जाणवायला लागली. सातव्याची वाट न बघता मी शटर अर्धं ओढलं आणि निघालो. शेजारीच योगीराज डॉक्टरांचा दवाखाना, मधलं अंतर मोजून बारा पावलं. त्या बारा पावलांत मी बायकोला माफ केलं, मेहुण्याला नाही केलं, आणि माझ्या तेराव्याला बुंदी करू नये, आपल्याकडच्या आचाऱ्याला ती जमत नाही, एवढा विचारही करून घेतला. छातीचे ठोके असे पडत होते की गंगेपलीकडच्या, म्हणजे आमच्या गोदावरीपलीकडच्या, गावाला कुणाची तरी वरात निघाली असंच वाटलं असणार.

दवाखान्याच्या दारात रंगनाथ उभा होता. त्या दिवशी तो मला सात फुटांचा दिसला. पुढं ओळख झाल्यावर पाहिलं तर जेमतेम पाच फूट दोन इंच. त्याच्या हातात सिरिंज होती, ती मला उसाच्या कांड्याएवढी वाटली.

“काय व्हायलंय?” त्यानं विचारलं.

“मरायलोय.”

“कवापासून?”

“दुपारपासून.”

त्यानं ते केस पेपरवर लिहून घेतलं. डोळ्याची पापणी हलली नाही.

योगीराज डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बीपी घेतला, जीभ पाहिली आणि म्हणाले, “काही नाही.” एवढंच. हा डॉक्टर शब्द इतके जपून वापरतो की जणू तेही मेडिकलमधून विकत आणावे लागतात. मला तर जास्तच घाम फुटला. काही नाही? म्हणजे सांगण्यासारखं काही उरलं नाही? मी भिंतीला धरून औषधाच्या खिडकीपाशी आलो. आतून रंगनाथनं मान पुढं काढली आणि हळूच म्हणाला, “मालक, भिऊ नका. तुमाला मोबीपी हाय.”

“काय?”

“मोबीपी. मोबाईल अधिक बीपी. मोबाईलकडं पाहून जे वर चढतं ते. लय जणांना हाय. तहसीलमधल्या दोन क्लार्कांचं तर जुनाट हाय.”

तुम्हाला काय सांगू, डोक्यावरून गार पाणी ओतल्यासारखं झालं! माझ्या रोगाला नाव होतं. तो दुसऱ्यांनाही होता. त्यात दोन सरकारी क्लार्क होते, आणि ते जिवंत तर होतेच, वर रजेवरही नव्हते. मी ताठ चालत दुकानात आलो आणि पुढचे तीन दिवस येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मोबीपी म्हणजे काय ते समजावून सांगत बसलो.

त्या दिवसापासून रंगनाथ माझा दोस्त. आता दोस्ताबद्दल खरं सांगायला हरकत नाही: असा भित्रा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. पालीला भितो, विजेला भितो, गणवेशाला भितो. त्यात पोस्टमनचा गणवेशही आला. अठ्ठावीस वर्षं रोज पन्नास माणसांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधतो, पण स्वतःच्या दंडाला एकदाही बांधू दिला नाही. का, तर म्हणे, “आकडा कळला की तो वाढतो.” त्याची बायको कुसुमबाई आल्यागेल्याला जय भीम करून बसवते, चहा देते आणि चहाबरोबर नवऱ्याची कीर्तीही ऐकवते. “आमच्या घरात पाल हाकलायची तर मी, लाईटवाला आला तर मी, पोलीस आला तर मी. हे फक्त दवाखान्यात जातेत. तिथं ह्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेले असतेत ना!”

कुसुमबाई हसत म्हणाली, पण बोलली ते खरं होतं. भित्र्या माणसाला भित्र्याचं दुखणं बरोबर ओळखू येतं. रंगनाथनं एक गोष्ट ओळखली होती, जी योगीराज डॉक्टरांना त्यांच्या सगळ्या पदव्यांनी शिकवली नव्हती. आपल्याकडचा माणूस रोगाला तितका भीत नाही. रोगाला नाव नसलं की भितो. कावीळ म्हणा, तो झाडपाल्यावाल्याकडं जाईल. मुतखडा म्हणा, कुळथाचं पाणी पिईल. पण डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले की घरी जाऊन बायकोला सांगणार, “डॉक्टर लपवायलेत.” मग बायको रडणार, मग गावाकडून भाऊ येणार.

पहिलं नाव रंगनाथनं दिलं ते एका दहावीच्या पोरीला. ऐन परीक्षेत तिचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. पोरगी रडून अर्धी झाली. रंगनाथनं खिडकीतून सांगितलं, “बाळा, ह्याला एक्झामोशन म्हणतेत. एक्झाम अधिक मोशन. हुशार पोरांनाच होतं.” पोरगी डोळे पुसून हसली आणि पेपरला गेली. त्यानंतर रंगनाथचा हात बसला. एसटीत उलट्या होणाऱ्यांना ट्रॅव्हॉमिट. दिवसभर मालिका बघून डोळे चुरचुरणाऱ्या बायांना टीव्हीकनेस. घरात लग्न निघालं की बापाचं अर्धं डोकं दुखतं ते मॅरिग्रेन. सरपंचपदाच्या निवडणुकीनंतर पडलेल्या उमेदवाराच्या अंगाला खाज सुटली, ती इलेक्लर्जी. पोटात वायू आणि डोक्यात काळजी, दोन्ही एकदम, ते गॅस्टेन्शन. आमच्या तालुक्यात हेच सगळ्यात जास्त.

“पण इंग्रजीच का?” मी एकदा विचारलं.

“दोन्ही तुकडे ओळखीचे पायजेत अन् जोड नवा पायजे,” तो म्हणाला. “दोन ओळखीची माणसं मधी एक नवा घेऊन आली तर आपण भितो का? चहा ठेवतो. तसंच हाय.”

आणि एक नियम त्यानं देवाच्या शपथेसारखा पाळला होता. डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही’ म्हटल्याशिवाय नाव द्यायचं नाही. आधी नळी, मग नाव. “नसलेल्या रोगाला नाव देतो मी, मालक,” तो बजावून सांगायचा. “असलेल्याला द्यायला डॉक्टर हायेत.”

नावं गावात पसरली. बाजारात बाया एकमेकींना विचारू लागल्या, “तुजं टीव्हीकनेस कसं हाय गं?” कंडक्टर ओरडायचा, “ट्रॅव्हॉमिटवाले खिडकीकडं व्हा!” एका ग्रामसेवकानं तर इलेक्लर्जीचं कारण देऊन रजेचा अर्ज टाकला आणि ती मंजूर झाली. आम्ही हसायचो, रंगनाथ लाजायचा. भीतीचं एवढं मोठं गाव, आणि त्याला एका भित्र्यानं धीर दिलेला. सगळं छान चाललं होतं.

मग डिसेंबरातला तो बाजाराचा दिवस आला.

योगीराज डॉक्टर कुठल्याशा बैठकीला परभणीला गेले होते. थंडी चांगली पडली होती, मी अंगात स्वेटर आणि वर मफलर अशा थाटात दुकानात बसलो होतो. साडेबाराला गर्दी कमी झाली म्हणून रंगनाथकडं चहाला गेलो. तो केस पेपर गठ्ठ्यात लावत होता. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर इतकं हळू आणि थोडं बोलतात की रंगनाथ नेहमी स्पीकर चालू करतो. त्यामुळं पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“कोण आलं होतं?” डॉक्टर.

“सात जण, साहेब. समद्यांना उद्या बोलवलं. एक सारजाबाई म्हणून मावशी होती, गंगेकाठची. तिला घाई होती. गॅस्टेन्शन होतं, दोन गोळ्या देऊन लावून दिली.”

एरवी एवढं ऐकून डॉक्टर फोन ठेवतात, या वेळी ठेवला नाही.

“काय म्हणत होती?”

“छातीत जळजळ. करपट ढेकर.”

“घाम?”

रंगनाथनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मफलरकडं पाहिलं. “होता,” तो म्हणाला.

“आज?”

“...हो साहेब.”

“डावा हात?”

“जड पडलाय म्हणली. हातात पिशवी होती, मला वाटलं पिशवीनं—”

“वय?”

“साठ.”

“रंगनाथ, तिला शोध. ॲस्पिरिन घे, चावायला दे. जवळ जिथं ईसीजी असेल तिथं ने. तिथून मला फोन कर. उद्या नाही. आत्ता.”

डॉक्टर एका दमात इतकं बोललेले आम्ही दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. रंगनाथच्या हातातले केस पेपर खाली पडले आणि तो ते उचलायला वाकला तो वाकूनच राहिला.

“मालक,” तो खालूनच म्हणाला, “मी नळीआधी नाव दिलं.”

माझी एक म्हातारी व्हॅन आहे. एरवी ती उतारावर लोटल्याशिवाय सुरू होत नाही. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पहिल्या चावीला सुरू झाली. रंगनाथनं गोळीची पट्टी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तिचा चुरा होईल असं मला वाटलं. सारजाबाई निघाली होती लेकीकडं. लेक ज्ञानेश्वरी देवगाव फाट्याच्या पुढच्या एका वस्तीवर राहते, तिच्या बाळाचं दुसऱ्या दिवशी बारसं होतं. म्हातारी सोनपेठेहून सेलूची एसटी धरणार आणि तिथून दुसरी गाडी. हे सगळं तिनं औषधाच्या खिडकीत सांगितलं होतं, पिशवीतलं झबलं-टोपडंही काढून दाखवलं होतं. तिच्याकडं मोबाईल नव्हता. केस पेपरवर नंबर होता तो तिच्या मुलाचा, राधाकिशनचा. तो बायकोसकट ऊसतोडीला गेलेला, पार साताऱ्याकडं.

“लाव फोन,” मी म्हणालो.

“काय सांगू त्याला?”

“लाव तर.”

त्यानं लावला. पलीकडून उसाच्या पाचटाची सळसळ आणि कोयत्यांचे आवाज आले.

“राधाकिशन, मी रंगनाथ. दवाखान्यातला.”

“बोला की भाऊ! माय आलती ना? सकाळी शेजारच्याच्या फोनवरून बोलली. छातीत कळ मारायली म्हणली. मी म्हणलं, आधी रंगनाथभाऊकडं जा, मग ताईकडं जा. काय निघालं?”

पुढं एक बैलगाडी आडवी आली, मी हॉर्न वाजवला.

“भाऊ? काय निघालं?”

“बघायलोय,” रंगनाथ म्हणाला. “अजून बघायलोय.” आणि फोन ठेवला. मग पाथरी येईपर्यंत तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि घड्याळ लपवायला बाही खाली ओढायचा.

मी स्वतः शूर नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा समजलं की स्वतःसाठी भिणं ही चैन आहे. स्वतःसाठी भिताना माणूस तेराव्याचा बेत करू शकतो. दुसऱ्यासाठी भिताना असलं काही सुचत नाही. रस्त्यावरची प्रत्येक गर्दी अंगावर येते. पाथरीच्या पुढं रस्त्याच्या कडेला वीसेक माणसं गोळा होऊन खाली बघत होती. एक एसटीही थांबलेली. रंगनाथनं डोळे मिटून घेतले. “तितंच हाय ती,” तो म्हणाला. “थांबवू नका. न्हाई, थांबवा. थांबवा!”

मी उतरलो. गर्दीत डोकं घातलं तर एका टेम्पोतून सोयाबीनचं पोतं पडून फुटलं होतं आणि मंडळी ते भरायला मदत करत होती. एका माणसानं मला ओंजळभर सोयाबीन दाखवून विचारलं, “मालाचा दर्जा कसा वाटतो?” मी परत आलो. रंगनाथनं डोळे अजून उघडले नव्हते.

“सोयाबीन,” मी म्हणालो.

त्यावर तो रडला. मी गाडी सुरू केली.

सेलूच्या बसस्टँडवर सोनपेठची गाडी रिकामी उभी. कंडक्टर पायरीवर बसून डबा खात होता. आम्ही म्हातारीचं वर्णन केलं, हिरवं लुगडं, हातात पिशवी.

“हां, ती!” तो म्हणाला. “वाटंत लय कण्हायली होती. मी म्हणलं, आजी, उतरून दवाखान्यात जा. तर म्हणली, जाऊन आले, गॅस्टेन्शन हाय. मला बी होतं ते, म्हणून मग मी काय जोर केला न्हाई.” त्यानं रंगनाथकडं निरखून पाहिलं. “तुमी ते सोनपेठचे रंगनाथभाऊ ना? माज्या पुतण्याचं ट्रॅव्हॉमिट तुमीच—”

“कुठं गेली ती?” रंगनाथ ओरडला. मी त्याला ओरडताना प्रथमच ऐकत होतो.

“देवगाव फाट्याच्या गाडीत बसली. अर्धा तास झाला.”

आता हे बघा. म्हातारी कण्हत होती, आणि एका भल्या माणसानं तिला उतर म्हटलं होतं. तिला थांबवलं ते रंगनाथच्या शब्दानं, आणि कंडक्टरलाही त्याच शब्दानं गप्प केलं. दोन ओळखीचे तुकडे, मधला जोड नवा. रंगनाथला हे माझ्या आधी कळलं होतं. गाडीत बसल्यावर तो आपल्या दोन्ही हातांकडं असा बघायला लागला, जसं माणूस दुसऱ्याच्या हातांकडं बघतो.

सेलू ते फाटा मी व्हॅन अशी हाकली की तिचा एक आरसा वाटेत राहिला. तो आणायला मी अजून गेलेलो नाही.

देवगाव फाट्यावर चारी बाजूंच्या गाड्या, ऑटो, फळांचे गाडे, हॉटेलांच्या कढया. रंगनाथ गाडी थांबायच्या आधीच उतरला, पडला, उठला. सारजाबाई एका हॉटेलच्या बाकड्यावर बसली होती. जिवंत होती. पुढ्यात भज्यांची प्लेट होती आणि ती मिरची चावत होती.

“मावशी!” रंगनाथ तिच्या पायाशीच बसला. “कसं वाटायलंय?”

“अगं बाई, भाऊ! तुमी इकडं कुठं?” म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला होता, केस कपाळाला चिकटलेले, पण बोलणं ठणठणीत. “जळजळ हाय की. हात बी तसाच हाय. म्हणलं गरम काय तरी खावं, गॅस्टेन्शनला बरं पडतं.”

“मावशी, उठा. ही गोळी चावा अन् चला. सेलूला दवाखान्यात जायचंय, मशीन लावायची.”

“आता? अन् लेक वाट बघायली, ऑटोवाला थांबलाय. मशीन कशाला? तुमी सांगितलं की काय झालंय ते.”

“ते न्हाई, मावशी. दुसरं हाय. हे...” रंगनाथनं घाम पुसला. भीतीनं त्याची जुनी सवय जागी झाली. “हे हार्टेन्शन हाय. हार्ट अधिक टेन्शन. लय वाईट असतंय.”

म्हातारीनं मोठ्या समाधानानं मान हलवली. “असंल. माज्या जावेला बी असंच काय तरी तुमीच सांगितलं होतं. तिची नात आता शाळंत जायलीय.” आणि तिनं आणखी एक भजं उचललं.

मी मध्ये तोंड घातलं, “मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय.” ती म्हणाली, “डॉक्टर तर काही न्हाईच म्हणतेत नेहमी.” ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला. भोवती पाचसहा माणसं जमली. म्हातारी पिशवी घेऊन उठली, उठताना बाकड्याला धरून क्षणभर थांबली, आणि चालायला लागली. चार पावलं. पाच.

तेव्हा रंगनाथनं तिची वाट अडवली. फाट्यावर, भर गर्दीत, गणवेशवाल्या कंडक्टरांच्या आणि एका पोलिसाच्याही देखत त्यानं हात जोडले.

“मावशी, गॅस्टेन्शन नावाचा रोगच न्हाई.”

“म्हंजी?”

“मी बनवलंय ते. एक इंग्रजी शब्द हिकडून घेतला, एक तिकडून घेतला, अन् जोडले. हार्टेन्शन तर आत्ता बनवलं, तुमच्यापुढं. समदी नावं मीच बनवलीत. पुस्तकात एक बी न्हाई.”

गर्दीतला एकजण म्हणाला, “म्हंजी माजं मॅरिग्रेन?”

“ते बी न्हाई.”

“आयला! मी गोळ्या खायलोय त्याच्या!”

म्हातारी रंगनाथकडं बघत उभी राहिली. “मंग मला काय झालंय?”

आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा रंगनाथ म्हणाला, “मला ठावं न्हाई, मावशी.”

मी पुष्कळ घाबरलेली माणसं पाहिली आहेत. दवाखान्याशेजारी दुकान असलं की ती फुकटात बघायला मिळतात. पण सकाळपासून छाती जळत असूनही, हात जड असूनही न घाबरलेली ती बाई त्या चार शब्दांनी जशी घाबरली, तसं कुणी घाबरलेलं मी पाहिलं नाही. पिशवी हातातून सुटली. ती तिथंच मटकन खाली बसली आणि तिनं रंगनाथचं मनगट धरलं.

गोळी तिनं चावली. ऑटोवाल्यानं आणि त्या मॅरिग्रेनवाल्यानं तिला उचलून व्हॅनमध्ये घातलं. मी गाडी वळवली. मागच्या सीटवर रंगनाथ, आणि त्याच्या मांडीवर म्हातारीचं डोकं.

“भाऊ,” ती म्हणाली, “नाव सांगा की काय तरी.”

त्यानं तिच्या कपाळाला चिकटलेले केस मागं सारले.

“असंच एक. खरं नसलं तरी चालंल. मला लय भ्या वाटायलंय.”

आरशात मला रंगनाथचे ओठ हलताना दिसले. एकदा वाटलं, देतो आता. एखादं गोड, ओळखीचं, दोन तुकड्यांचं नाव देतो, आणि ती निवांत डोळे मिटते. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं, कारण त्या क्षणी मलाही कुणी तरी मोबीपी म्हणायला हवं होतं. पण तो म्हणाला, “बोलत राहा, मावशी. डोळे मिटू नका. बाळाचं नाव काय ठेवायचं ठरलंय ते सांगा.”

“ते आत्या ठरवती,” म्हातारी म्हणाली. “मला कुणी सांगितलं न्हाई.”

त्यानंतर ती बोलली नाही. नुसती बघत राहिली, आणि तिच्या बोटांची पकड इतकी घट्ट होती की रंगनाथच्या मनगटावर चार निळे डाग उठले. मी दोनदा मागं वळून विचारलं, “हाय का?” दोन्ही वेळा रंगनाथ म्हणाला, “हाय. पुढं बघा.”

सेलूच्या दवाखान्यात त्यांनी तिला आत घेतलं आणि दार लावलं. आम्ही बाहेर फरशीवर बसलो. रंगनाथनं परभणीला डॉक्टरांना फोन केला, मग राधाकिशनला केला. या वेळी त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, स्वतःच्या चुकीसकट. शेवटी राधाकिशन म्हणाला, “मी निघायलोय.” शिवी दिली नाही. दिली असती तर रंगनाथला बरं वाटलं असतं. पाऊण तासानं एक नर्स ईसीजीचा कागद हातात धरून बाहेर आली. तिला बघून आम्ही दोघंही एकाच वेळी उभे राहिलो आणि एकाच वेळी खाली बसलो.

छोटा अटॅक होता. सारजाबाई वाचली. बारसं आठ दिवस पुढं ढकललं गेलं.

राधाकिशननं तक्रार केली नाही. योगीराज डॉक्टरांनी रंगनाथला काढलं नाही, रागावलेही नाहीत. म्हणाले, “पुन्हा नको.” रंगनाथ आता केस पेपरवर नाव, गाव, वय लिहितो आणि खिडकी लावून घेतो. लोक त्याच्यावर थोडे नाराज आहेत. डॉक्टरांनी दवाखान्यासाठी ईसीजीचं मशीन घेतलं. ते पुढच्या वर्षीच्या दिवाळीपासून बंद आहे, कारण त्याचा कागदाचा रोल संपला आहे आणि सोनपेठेत तो मिळत नाही.